न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररी: नुसती बघून येऊ नका, पुस्तक मागवून या

उन्हाळ्यात न्यू जर्सीला मुलांकडे आलेल्या मराठी आईवडिलांची न्यूयॉर्कची यादी बहुतेक ठरलेली असते. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, टाइम्स स्क्वेअर, एम्पायर स्टेट, आणि पाय बोलायला लागले की फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरच्या लायब्ररीच्या पायऱ्या. सिंहासोबत एक फोटो, आत डोकावून "काय उंच छत आहे हो!" आणि पंधरा मिनिटांत बाहेर. दमलेल्या माणसाला तेवढंही पुष्कळ वाटतं. पण ही इमारत बांधली ती कोणीही यावं, पुस्तक मागावं आणि एक पैसा न देता ते हातात मिळावं म्हणून. 24 मे 1911 रोजी ती लोकांसाठी उघडली, त्या सकाळी अगदी सुरुवातीच्या एका वाचकाने 9 वाजून 8 मिनिटांनी चिठ्ठी दिली आणि सहाच मिनिटांत पुस्तक त्याच्या हातात होतं. ते पुस्तक रशियन भाषेतलं होतं, ही त्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. म्हणजे तिथे जाऊन मराठी पुस्तक मागणं यात काहीही वावगं नाही.

हा लेख त्यासाठीच आहे. इमारत कशी बघायची तेही सांगतो, पण भर पुस्तक मागवण्यावर.

आधी इमारत नक्की करा

न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररी हे एका संस्थेचं नाव आहे आणि तिच्या नव्वदच्या आसपास शाखा मॅनहॅटन, ब्राँक्स आणि स्टेटन आयलंडमध्ये पसरलेल्या आहेत. मॅपवर नुसतं नाव टाकलंत तर भलत्याच शाखेत पोचाल. आपल्याला हवी ती सिंहांची इमारत फिफ्थ अ‍ॅव्हेन्यू आणि 42व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर आहे. तिचं आजचं अधिकृत नाव स्टीफन ए. श्वार्झमन बिल्डिंग. या गृहस्थांनी 2008 साली 10 कोटी डॉलर देणगी जाहीर केली, तेव्हापासून त्यांचं नाव लागलं. बोलताना मात्र ते नाव फारसं कोणी घेत नाही.

दुसरी गोष्ट आत्ताच मनात पक्की करा: या इमारतीतून पुस्तक घरी नेता येत नाही. हे संशोधन ग्रंथालय आहे. मागवा, तिथेच बसून वाचा, परत द्या. घरी न्यायची पुस्तकं समोरच्या इमारतीत मिळतात, तिच्याबद्दल शेवटी.

घरूनच करायचं काम: मराठी पुस्तक शोधणं

खरी मेहनत इथे आहे, आणि ती घरी सोफ्यावर बसून करण्यासारखी आहे. लायब्ररीच्या वेबसाइटवर संशोधन संग्रहाचा कॅटलॉग आहे. त्यात भाषेचा फिल्टर असतो. तिथे मराठी निवडा. पण फिल्टर लावूनही हवं ते पुस्तक सापडत नाही, अशी बहुतेकांची तक्रार असते. कारण आपण व्हॉट्सअ‍ॅपवर लिहितो तसं रोमन लिपीत टाइप करतो, आणि ग्रंथपालांची पद्धत वेगळी आहे.

अमेरिकेतली ग्रंथालयं भारतीय भाषांसाठी एक ठरलेली लिप्यंतर पद्धत वापरतात. तिच्यात अक्षरांवर-खाली रेघा आणि टिंबं असतात. ती आपण गाळली तरी चालतं. पण बाकीचे नियम पाळावे लागतात. 'च' साठी सी-एच लिहायचं नाही, नुसतं सी. सी-एच हे 'छ' साठी राखलेलं आहे. 'श' साठी नुसतं एस, आणि 'ष' साठी एस-एच. 'व' नेहमी व्ही, डब्ल्यू कधीच नाही. दीर्घ 'ई' ला डबल ई नाही, एकच आय. दीर्घ 'ऊ' ला डबल ओ नाही, एकच यू. 'ज्ञ' म्हणजे जे-एन. आपण उच्चारतो तसं डी-एन-वाय टाकलंत तर हाती भोपळा.

सगळ्यात जास्त फसवतो तो शब्दाच्या शेवटचा 'अ'. आपण 'इतिहास' म्हणताना शेवटचा स पाय मोडल्यासारखा उच्चारतो आणि रोमनमध्ये एस वर थांबतो. कॅटलॉगमध्ये मात्र त्यापुढे एक ए असतो. 'चरित्र' शोधायचं तर सी ने सुरू करा आणि ए ने संपवा. हे एकदा अंगवळणी पडलं की अडलेली दारं पटापट उघडतात. काही नोंदींत देवनागरीही सापडतं, पण जुन्या पुस्तकांसाठी त्यावर विसंबू नका.

लेखकाचं नाव टाकताना आडनाव आधी, आणि आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या लेखकांची पूर्ण नावं टाकून बघा. ती आठवत नसतील तर घरातल्या ज्येष्ठांना विचारा. माझ्या अनुभवात हा प्रश्न सुटेस्तोवर चहाचे दोन कप होतात, पण आईवडिलांना या सहलीत गोडी वाटायला लागते ती याच टप्प्यावर.

इतकी मराठी पुस्तकं अमेरिकेत आली कशी, हा प्रश्न पडेलच. उत्तर रेशनच्या दुकानात आहे. 'पी. एल. 480' हे नाव साठच्या दशकातल्या मंडळींना गव्हामुळे आठवतं. त्या कायद्याखाली अमेरिकेने भारताला धान्य दिलं आणि त्याचे पैसे रुपयांत घेतले. ते रुपये भारतातच खर्च करायचे होते. 1962 पासून त्यातल्या काही रकमेतून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचं दिल्लीतलं कार्यालय भारतीय भाषांतली पुस्तकं आणि मासिकं विकत घेऊन अमेरिकेतल्या ग्रंथालयांकडे पाठवू लागलं. तिथल्या मोठमोठ्या ग्रंथालयांच्या मराठी कपाटांना खरा भर आला तो या योजनेने. म्हणून साठ-सत्तरच्या दशकातली, पुढे पुन्हा कधीच छापली न गेलेली पुस्तकं शोधायची असतील तर हे कॅटलॉग जरूर चाळा. आपल्या तालुक्याच्या गावातल्या वाचनालयात वाळवीने फस्त केलेलं काहीतरी तिथे धड अवस्थेत असू शकतं.

कार्ड आणि मागणी

पुस्तक मागवायला लायब्ररीचं कार्ड लागतं, नुसतं आत फिरायला लागत नाही. न्यूयॉर्क राज्यात राहणाऱ्या, तिथे नोकरी करणाऱ्या किंवा शिकणाऱ्या माणसाला कार्ड मोफत मिळतं. म्हणजे मुलगा राहतो जर्सी सिटीत पण ऑफिस मॅनहॅटनमध्ये, तर तो पात्र आहे. परदेशातून आलेल्या पाहुण्यांना, किंवा दुसऱ्या राज्यातल्यांना, तिथेच बसून संशोधन साहित्य वापरण्यापुरतं कार्ड मिळतं. अर्ज ऑनलाइन भरून ठेवावा आणि जाताना फोटो असलेलं ओळखपत्र न्यावं. भारतातून आलेल्यांनी पासपोर्ट. पासपोर्ट घेऊन फिरायला जिवावर येतं हे खरं, पण फोनमधल्या फोटोवर काउंटरवरचा माणूस राजी होईलच असं नाही.

पुस्तक कॅटलॉगमध्ये सापडलं की ते कुठे ठेवलेलं आहे ते बघा. यावर तुमच्या सहलीचा दिवस ठरतो. काही पुस्तकं इमारतीला लागून असलेल्या ब्रायंट पार्कच्या हिरवळीखालच्या तळघरात असतात. ती त्याच दिवशी वर येतात. पण संग्रहाचा फार मोठा भाग न्यू जर्सीत प्रिन्स्टनजवळच्या एका कोठारात आहे. कोलंबिया, प्रिन्स्टन आणि हार्वर्ड विद्यापीठांसोबत ते सामायिक चालतं. तिथलं पुस्तक यायला दोन-तीन कामाचे दिवस धरा, मध्ये शनिवार-रविवार आला तर जास्त. यातली गंमत अशी, की त्या कोठाराजवळच्या प्लेन्सबरोत राहणाऱ्या मराठी कुटुंबाने पुस्तक मागवलं तर ते त्यांच्या घराशेजारून निघून मॅनहॅटनला जातं आणि ते वाचायला हे लोक गाडी पकडून त्याच्या मागोमाग जातात.

मागणी ऑनलाइन नोंदवा, पुस्तक आल्याचा ईमेल येईपर्यंत थांबा आणि मगच तिकिटं काढा. आलेलं पुस्तक तुमच्या नावाने काही दिवस राखून ठेवतात. एकाऐवजी दोन-तीन मागवा. एखादं हाती आल्यावर अगदीच भलतं निघतं.

कसं आणि कधी जायचं

मंगळवार ते गुरुवारची सकाळ, दार उघडायच्या सुमारास. शनिवारी दुपारी गेलात तर लायब्ररीपेक्षा माणसंच जास्त दिसतील. वेळा वारानुसार वेगळ्या असतात आणि सरकारी सुट्ट्यांना बंद असतं, म्हणून आदल्या रात्री वेबसाइट बघाच.

न्यू जर्सीहून बसने आलात तर पोर्ट ऑथॉरिटी बस स्थानकाच्या बाहेर पडून 42व्या रस्त्याने पूर्वेकडे सरळ चालत राहा. टाइम्स स्क्वेअर वाटेतच लागतो, तोही उरकतो. ट्रेनने पेन स्टेशनला उतरलात तर वीसेक मिनिटं चाल आहे. जॅक्सन हाइट्सकडून येणाऱ्यांना 7 नंबरची सबवे थेट फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूला सोडते. बी, डी, एफ, एम या गाड्या ब्रायंट पार्क स्टेशनला थांबतात.

गुडघे कुरकुरणारे कोणी सोबत असतील तर फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूच्या पायऱ्यांचा हट्ट धरू नका. सिंहांचा फोटो फुटपाथवरून छान येतो. फोटो झाला की 42व्या रस्त्यावरच्या दाराने आत जा. तिथून व्हीलचेअरही जाते आणि लिफ्ट जवळ आहे. त्या दाराने तुम्ही ग्राउंड फ्लोअरला येता, आणि मोठ्या पायऱ्यांनी गेलात तर फर्स्ट फ्लोअरला. दोन गट दोन दारांनी आत शिरले आणि "आम्ही खालीच उभे आहोत" असं एकमेकांना फोनवर सांगत बसले, हे इथे नेहमी होतं. भेटायची जागा फर्स्ट फ्लोअरवरचा अ‍ॅस्टर हॉल ठरवा.

बॅगा आत जाताना तपासतात. विमानतळावरून परस्पर मोठ्या सुटकेसा घेऊन येऊ नका. स्वतःचं वाचायचं पुस्तक सोबत असेल तर हरकत नाही, पण बाहेर पडताना बॅग उघडून दाखवायची तयारी ठेवा.

सिंह, संगमरवर आणि एक जुना तलाव

इमारतीकडे तोंड करून उभे राहिलात की डावीकडचा पेशन्स आणि उजवीकडचा फॉर्टिट्यूड, म्हणजे धीर आणि धैर्य. ही नावं महापौर ला गार्डिया यांनी 1930 च्या दशकात, मंदीच्या काळात दिली. सिंह टेनेसीच्या गुलाबी संगमरवराचे आहेत, इमारत व्हर्माँटच्या पांढऱ्या.

या जागेवर आधी क्रोटन जलाशय होता. न्यूयॉर्कला नळाने पाणी पुरवण्यासाठी 1842 साली बांधलेला, जाड दगडी भिंतींचा, भर शहरातला तलाव. तो पाडून 1902 मध्ये लायब्ररीची कोनशिला बसवली. त्या जलाशयाच्या पायाचे दगड इमारतीच्या साउथ कोर्ट भागात खालच्या बाजूला अजून दिसतात. मार्गदर्शकाला विचारलंत तर नेमकी जागा दाखवतील. मोफत मार्गदर्शित फेऱ्या असतात, त्यांची नोंदणी आणि वेळ आधी बघून घ्या. मी म्हणेन, ही फेरी घ्याच, कारण पुढच्या खोलीत शिरण्याचा प्रश्न तिने सुटतो.

रोझ मेन रीडिंग रूम

तिसऱ्या मजल्यावरची ही खोली बघायला सगळे येतात. लांबी 297 फूट, रुंदी 78 फूट, छत जवळपास 52 फूट उंच, मध्ये एकही खांब नाही. 42 लांब ओक लाकडाची टेबलं, 636 वाचकांची सोय, टेबलावर पितळी दिवे. छतावर ढगांची चित्रं. 2014 च्या मे महिन्यात एका रात्री त्या छतावरचं प्लास्टरचं एक फूल सुटून खाली पडलं. रात्र होती म्हणून कोणाला इजा झाली नाही, पण खोली बंद झाली ती ऑक्टोबर 2016 मध्ये उघडली. मधल्या काळात छतावरची सगळी फुलं, सुमारे 900, पोलादी तारांनी पक्की बांधून घेतली.

दारावर सुरक्षारक्षक असतो. वाचायला, काम करायला आलेल्यांना तो आत सोडतो. नुसतं बघायला आलेल्यांना बहुधा दारातूनच दर्शन घ्यावं लागतं किंवा मार्गदर्शित फेरीसोबत यावं लागतं. हा नियम अधूनमधून बदलतो. काहीजण याने नाराज होतात. मला तो योग्य वाटतो. शेजारी कोणी प्रबंध लिहीत असताना सेल्फी स्टिक घेतलेला घोळका फिरायला नको. आणि तुम्ही पुस्तक मागवलेलं असेल तर हा प्रश्न तुम्हाला लागूच नाही. "पुस्तक घ्यायला आलोय," एवढं सांगा आणि आत जा.

आत गेल्यावर देवघेवीच्या काउंटरवर कार्ड दाखवा. पूर्वी इथून मागणीच्या चिठ्ठ्या हवेच्या दाबावर चालणाऱ्या नळ्यांतून खालच्या मजल्यांवर जात. आता पुस्तकं तळघरातून वर येतात ती छोट्या लाल डब्यांच्या रुळगाडीतून: 24 डबे, प्रत्येकात 30 पौंड वजन, आणि मिनिटाला 75 फूट असा निवांत वेग.

पुस्तक हातात येतं तेव्हा ते बहुधा ओळखू येत नाही. मराठी पुस्तकांची मूळ मुखपृष्ठं सहसा गेलेली असतात. ग्रंथालयाने त्यावर जाड कापडी पुठ्ठा चढवलेला असतो, पाठीवर रोमन लिपीत नाव आणि क्रमांक. पण पुठ्ठा उलटला की आत तोच पिवळा पडलेला कागद, तीच आपल्या लहानपणीची शिशाच्या खिळ्यांची देवनागरी, आणि किंमत: रुपये चार. कागद कडेने ठिसूळ झालेला असतो. पान उलटताना वरचा कोपरा धरा, बोटाला थुंकी लावू नका (हे लिहावं लागतंय, कारण आपली सवय मला माहीत आहे), पुस्तक टेबलावर उताणं दाबू नका. पेन बाजूला ठेवा, टिपणं पेन्सिलने किंवा फोनवर घ्या. फ्लॅश न लावता पानांचे फोटो काढता येतात आणि स्कॅनरही आहेत. आजोबांचा जुन्या मासिकातला लेख असा सापडला तर सगळी पानं एकदमच काढून घ्या, आणि अनुक्रमणिकेचंही. नाहीतर घरी गेल्यावर कोणत्या अंकातला ते आठवत नाही.

फोन सायलेंट. भारतातून व्हिडिओ कॉल आला तर बाहेर रोटंडा नावाच्या दालनात जाऊन घ्या. तिथे बघण्यासारखं आहेच: एडवर्ड लेनिंग यांची भित्तिचित्रं. दगडी पाट्या घेतलेला मोझेस, पोथी लिहिणारा मध्ययुगीन लेखनिक, छापलेलं पान दाखवणारा गुटेनबर्ग, आणि छपाईची अक्षरं जुळवणाऱ्या लायनोटाइप यंत्राशी बसलेला त्याचा जनक मर्गनथालर. छापखान्याशी ज्यांचा संबंध आला आहे असे काका-मामा या चौथ्या चित्रापाशी हमखास रेंगाळतात.

पहिल्या मजल्यावरचा खजिना

अ‍ॅस्टर हॉलला लागून पोलॉन्स्की प्रदर्शन आहे. प्रवेश मोफत, पण वेळेचं तिकीट ऑनलाइन आधी घेतलेलं बरं. ठेवलेल्या वस्तू आलटून पालटून बदलतात, त्यामुळे अमुकच दिसेल असं धरून जाऊ नका. या संग्रहात गुटेनबर्गचं बायबल आहे, 1847 मध्ये अमेरिका खंडात आलेली त्याची पहिली प्रत. जेफरसनने स्वतःच्या हाताने लिहिलेला स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या मसुद्याची प्रत आहे. आणि नारळाएवढा एक तांब्याचा पृथ्वीगोल आहे, सुमारे 1510 सालचा, नवं जग दाखवणाऱ्या सगळ्यात जुन्या गोलांपैकी. लहान मुलं सोबत असतील तर विनी द पूची मूळ खेळणी कुठे ठेवली आहेत ते विचारा. खेळून खेळून झिजलेलं ते अस्वल बघून मुलं जरा हिरमुसतात, मोठी माणसं मात्र हलत नाहीत.

वेळ असेल तर नकाशा विभाग बघा, 117 नंबरची खोली. चार लाखांहून जास्त नकाशे आहेत. नियतकालिकांची 108 नंबरची खोलीही शांत असते.

भूक, पाय आणि समोरची गच्ची

वाचनकक्षात खायला मनाई आहे. घरून आणलेला डबा मागच्या बाजूला ब्रायंट पार्कमध्ये उघडा. तिथल्या हिरव्या खुर्च्या हव्या तिकडे ओढून बसायला मोकळ्या आहेत आणि पैसे लागत नाहीत. स्वच्छतागृहाची सोय लायब्ररीतही आहे आणि पार्कमध्येही. मिडटाउनमध्ये ज्येष्ठांना घेऊन फिरणाऱ्याला या माहितीची किंमत कळेल.

मग रस्ता ओलांडून 40व्या रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या स्टाव्हरोस नियार्कोस फाउंडेशन लायब्ररीत जा. ही घरी पुस्तकं देणारी शाखा, 2021 मध्ये नव्याने उघडली. उधार पुस्तकांसाठी वर सांगितलेलं, न्यूयॉर्क राज्यातल्यांना मिळणारं नेहमीचं कार्ड हवं. पाहुण्यांच्या कार्डावर ती मिळत नाहीत. पण सातव्या मजल्यावरच्या गच्चीवर जायला कार्ड लागत नाही, तिकीटही नाही. एम्पायर स्टेटच्या गच्चीला माणशी जे मोजावे लागतात ते इथे वाचतात.

क्वीन्समध्ये जॅक्सन हाइट्स किंवा फ्लशिंगला उतरला असाल तर एक ध्यानात ठेवा: क्वीन्स आणि ब्रुकलिनची ग्रंथालयं वेगळ्या संस्था चालवतात. मागवलेलं पुस्तक घराजवळच्या शाखेत येईल या आशेवर राहू नका. ते 42व्या रस्त्यावरच मिळेल आणि तिथेच परत द्यायचं आहे. वाचून पुरं झालं नाही तर काउंटरवर सांगा, दुसऱ्या दिवसासाठी ते तुमच्या नावाने बाजूला काढून ठेवतात.